बेडकाचा अप्रस्तुत प्रसंग

अवधान कुठे भरवायचं यावरच पहिली ठिणगी पडली, आणि ती फेरी सोमयाजुलूंनी जिंकली. जून महिन्यात अख्ख्या अमलापुरममध्ये बिनभरवशाच्या विजेवर मात करणारी जागा एकच होती, ती म्हणजे त्यांच्या प्रोटॉन ज्युनिअर कॉलेजातला जनरेटरवर पंखे चालणारा रसायनशास्त्राचा वर्ग. त्यामुळे त्यांचे वडील, अष्टावधानी आकुंडी जोगेश्वर शर्मा, कपाळाला विभूती आणि खांद्यावर जरीचं उत्तरीय अशा थाटात प्रात्यक्षिकाच्या टेबलावर गादी टाकून बसले होते. पाठीमागे भिंतभर मूलद्रव्यांचा तक्ता होता.

"नान्नांच्या डोक्याला हेलियम टेकतंय," सोमयाजुलूंची थोरली बहीण कामेश्वरी वडिलांकडे बघत म्हणाली. "टेबल पुढे ओढा."

"हेलियम वर उजवीकडे असतो, अक्का. त्यांच्या डोक्यामागे आहे ते लोखंड."

"मग असू दे. तुझ्या डोक्यात असतं ते त्यांच्या डोक्यामागे, एवढाच फरक."

पहिल्या बाकावर बसलेल्या हिमबिंदूनं आपल्या वडिलांकडे, सोमयाजुलूंकडे पाहिलं, मग अत्ताकडे, म्हणजे आत्या कामेश्वरीकडे पाहिलं. आज निकाल तिचाच लागायचा होता.

आकुंड्यांच्या घरातला वाद कोर्टात जात नाही, पंचांकडे जात नाही, तो अवधानाला जातो. आठ जणांनी आठ बाजूंनी अवधान्याला छळायचं, त्यानं प्रत्येकाची अट पाळून एकेक ओळ रचत जायचं, आणि शेवटी सगळी पद्यं न अडखळता पुन्हा म्हणून दाखवायची. या शेवटाला धारणा म्हणतात. धारणा निभावली तर अवधानी ज्या बाजूचा तिची सरशी, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर दुसऱ्या बाजूची. नारळाच्या बागेची वाटणी अशीच झाली होती. कामेश्वरीचं लग्नसुद्धा असंच ठरलं होतं. तिचे यजमान पेरिशास्त्री अजून म्हणतात, की त्या दिवशी कुणी एखादं अवघड जोडाक्षर मागितलं असतं तर मी सुखानं ब्रह्मचारी राहिलो असतो.

या खेपेचा वाद साधा होता. हिमबिंदू दहावी झाली होती आणि उद्या इंटरचा, म्हणजे अकरावीचा, प्रवेश घ्यायचा होता. सोमयाजुलूंच्या मते जगात शिकण्यासारखा ग्रुप एकच, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. दुसरी भाषा म्हणून संस्कृत, कारण संस्कृतला मार्क भरभरून पडतात. कामेश्वरी डिग्री कॉलेजात तेलुगू शिकवायची, आणि तिच्या मते पोरीनं इतिहासाचा ग्रुप घ्यावा, तेलुगू घ्यावी, आणि आकुंड्यांच्या घरात पद्य जिवंत ठेवावं. ताता, म्हणजे तिचे आजोबा, लेकीच्या बाजूनं उभे राहिले आणि सोमयाजुलूंनी आव्हान दिलं.

"तुझ्या विभागात या वर्षी विद्यार्थी किती, अक्का?"

"तुला काय करायचंय?"

"पदार्थविज्ञानवाल्यांनी तुझ्या खोलीत लंबक आणून ठेवलेत म्हणे."

"ठेवलेत. मी छंदःशास्त्र शिकवते आणि ते मागे झुलत असतात. पण निदान ते ताल तरी धरतात. तुझ्या कॉलेजात संस्कृतला अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या पोराला मी विचारलं, 'रामः' म्हणजे काय. तो म्हणाला, मॅडम, ते दोन टिंबांचं गुणोत्तर सोडवायचंय का."

"पण अठ्ठ्याण्णव मिळाले ना."

हे असं महिनाभर चाललं होतं. मुगाचा पेसरट्टू तव्यावरून ताटात येईपर्यंत यांची दोन वाक्यं व्हायची आणि घास घशाखाली जाईपर्यंत आणखी दोन. हिमबिंदूला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. एकदाच जेवताना तिनं स्वतःहून तो शब्द काढून पाहिला होता.

"मी जीवशास्त्राचा ग्रुप घेतला तर?"

इतक्या दिवसांत बहीणभाऊ पहिल्यांदा एकमेकांशी सहमत झाले.

"जीवशास्त्र हे विज्ञान नव्हे," नान्ना, म्हणजे तिचे वडील सोमयाजुलू, म्हणाले. "नावं पाठ करायची आणि चित्रं काढायची. ते अक्काचंच खातं आहे, फक्त त्याला शेपूट असतं. मी माझ्या कॉलेजात तो ग्रुप ठेवलेलाच नाही."

"बेडूक कापलेल्या हातानं या घरात वाढणार का तू?" अत्ता म्हणाली. "त्यापेक्षा गणित घे बाई."

"आता बेडूक नाही कापत, अत्ता."

"मग झुरळ कापत असतील. शीऽ. लोणचं इकडे दे."

आवकायाची बरणी फिरली आणि विषय संपला. तिनं तो ग्रुप का मागितला हे सांगायची वेळच आली नाही. सांगता आलंही नसतं, कारण ती गोष्ट एकट्या तिची नव्हती.

संक्रांतीपासून ताता विसरायला लागले होते. जेवून उठल्यावर ते तिला हळूच विचारायचे, "अम्मलू, आपलं जेवण झालं का?" कालव्यावर फिरायला गेले की घरी यायचा पूल त्यांना सापडायचा नाही. शंभर वर्षांपूर्वीचं पद्य खडाखडा यायचं आणि सकाळचा पेपर वाचला की नाही ते आठवायचं नाही. हिमबिंदू सावलीसारखी बरोबर राहायची, हळूच सुचवायची, विषय वळवायची. हे फक्त आपल्याला माहीत आहे अशी तिची खात्री होती. हजार माणसांसमोर शंभर पद्यं धरून ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यातून भाताचा घास कसा निसटतो, हे तिला कळून घ्यायचं होतं. ते इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं आणि रसायनशास्त्राच्या तक्त्यावरही नव्हतं.

आणि आता तेच ताता तिच्यासाठी अवधानाला बसले होते. धारणा चुकली तर ती गणितात जाणार, निभावली तर इतिहासात. तिला दोन्ही नको होतं. पण ताता चारचौघांत अडखळणार असतील तर त्यापेक्षा इतिहास परवडला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पृच्छकांच्या, म्हणजे अवधान्याला छळणाऱ्या आठ जणांच्या, जागा वाटताना तिचं नाव निघालं. अवधानात एक जागा अप्रस्तुत प्रसंगाची असते. त्या माणसानं मधेमधे काहीतरी असंबद्ध विचारून अवधान्याचं चित्त उडवायचं.

"ते पोरीला द्या," अत्ता म्हणाली. "काहीही बोलली तरी बिघडत नाही."

"चालेल," नान्ना म्हणाले.

हे त्यांचं महिन्यातलं दुसरं एकमत.

देवघरातली घंटा हिमबिंदूच्या आईकडे, सीतारत्नमकडे होती. तिनं मनाला येईल तेव्हा ती वाजवायची आणि तातांनी पद्यं रचता रचता टोल मनात मोजायचे. कॉलेजातले गणिताचे अप्पलराजू सर अक्षरं मना करायला बसले होते. अवधानी पुढचं अक्षर उच्चारणार तोच त्यांनी म्हणायचं, हे अक्षर नको. त्यांनी त्यासाठी लॅपटॉप आणला होता.

"हे काय?" कामेश्वरीनं विचारलं.

"मॅडम, कोणत्या अक्षरानंतर कोणतं येण्याचा संभव जास्त, ते मी काढलंय. तीस काव्यं आत घातली."

"वाचलीत?"

"नाही, मोजली."

ताता हसले आणि म्हणाले, "सुरू करा, राजू."

पहिली तीन अक्षरं अप्पलराजूंनी बरोबर अडवली. चौथ्याला तातांनी असा एक शब्द काढला, की जो बोलण्यातून गेला त्याला दोनशे वर्षं झाली असतील. लॅपटॉपनं बराच वेळ विचार केला आणि पंखा जोरात सुरू केला.

"शब्द आहे का हा?" अप्पलराजूंनी दबकत विचारलं.

"आहे," कामेश्वरी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "अर्थ आहे, चिकटलेल्या पानांतून ओघळणारं दंव. सोमू, तुझ्या यंत्राला सांग."

मग सोमयाजुलू उठले. त्यांच्याकडे दत्तपदी होती. चार शब्द द्यायचे, ते पद्यात बसवून भलत्याच विषयावर बोलायला लावायचं. "झिंक," ते म्हणाले. "ब्रोमीन. टिन. मॉलिब्डेनम. वर्णन करा, द्रौपदीचं स्वयंवर."

वर्गात हशा उसळला. मागच्या बाकावर पेरिशास्त्री जागे झाले, "चहा आला का?" म्हणाले आणि पुन्हा झोपले.

तातांनी डोळे मिटले. तेवढ्यात आपलं काम करायचं म्हणून हिमबिंदू उभी राहिली. तिनं काहीच ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते विचारलं.

"ताता, बेडकाला लक्षात राहतं का?"

"राहत असणार, अम्मलू," ताता डोळे न उघडता म्हणाले. "दरवर्षी तोच राग आळवतो. चुकला तरी त्याला धारणा कुणी विचारत नाही, तेवढं एक त्याचं बरं आहे."

सगळे हसले. हिमबिंदूला हसू आलं नाही.

मग पहिली ओळ आली. झिंकचं तातांनी तेलुगूतलं 'जिंक', म्हणजे हरीण करून टाकलं, आणि हरिणीच्या डोळ्यांची द्रौपदी मंडपात आली. दुसऱ्या ओळीत त्यांनी ब्रोमीन मधोमध फोडला; त्यातला मीन वर फिरायला लागला आणि खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडलं. तिसरीत अर्जुन म्हणाला 'कंटिनि', म्हणजे 'मला दिसला', आणि टिन त्याच्या पोटात गुपचूप बसलं. सोमयाजुलूंचा पाय बाकाखाली ताल धरत होता. त्यांना ते ठाऊक नव्हतं, हिमबिंदूनं पाहिलं.

"मॉलिब्डेनमचं काय करता ते बघू," ते म्हणाले.

हिमबिंदू पुन्हा उठली. "बेडकाची पिल्लं शेपूट कुठे विसरतात, ताता?"

"तुझ्या बापानं शेंडी जिथं विसरली तिथं." आणि तोच श्वास पुढे ओढून तातांनी चौथी ओळ टाकली: इतर राजांनी धनुष्य उचलायला घेतलं, ते हातातून सुटलं आणि भुईवर आपटून आवाज झाला, मॉलिब्डेनम्मु!

वर्ग टाळ्यांनी दणाणला. अप्पलराजूंनी लॅपटॉप मिटून टाळ्या वाजवल्या. सोमयाजुलूंनी हात उचलला, मग आपण कुठल्या बाजूचे आहोत ते आठवून डोकं खाजवलं.

पुढे समस्यापूर्ती झाली, वर्णन झालं, सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या. तातांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. हिमबिंदूचं लक्ष आईकडे गेलं. घंटा आईच्या मांडीवर होती आणि आई ती वाजवत नव्हती. बराच वेळ वाजवली नव्हती.

शेवटचा अप्रस्तुत प्रश्न राहिला होता. "ताता," ती म्हणाली, "बेडकाचं डोकं आतून कसं चालतं हे कळलं, तर माणसाचं कळेल का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तातांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"हा प्रश्न राहू दे," ते म्हणाले. "शेवटी घेतो."

धारणा सुरू झाली. पहिलं पद्य धबधब्यासारखं आलं. दुसरं आलं, त्या दंवाच्या शब्दासकट. मग द्रौपदीची पाळी आली. हरिणीचे डोळे आले, मीन फिरला, अर्जुनाला तो दिसला, आणि ताता थांबले.

त्यांनी समोर पाहिलं. मग तक्त्याकडे वळून पाहिलं, जणू कुणी हाक मारली. त्यांचे ओठ हलले आणि पुन्हा थांबले. ओळ सगळ्या वर्गाला पाठ होती, पेरिशास्त्रींनाही झोपेत आली असती. हिमबिंदूनं बाकाची कड घट्ट धरली. सुचवावं तर सगळे पाहत होते, न सुचवावं तर ते डोळे बघवत नव्हते.

आणि तेवढ्यात उजवीकडून, घसा खाकरल्यासारखं करून, कुणीतरी अख्खी ओळ पुटपुटलं. चालीसकट, यतीच्या जागी थांबून.

ते सोमयाजुलू होते.

तातांनी ती झेलली, जशीच्या तशी म्हटली, आणि पुढच्या पद्याकडे गेले. बाकीची सगळी बिनचूक म्हटली. शेवटी म्हणाले, "घंटा एकवीस."

"बरोबर," सीतारत्नम म्हणाली. तातांनी आकडा पुरता उच्चारलाही नव्हता.

मग कामेश्वरी भावाकडे वळली. "तुला पद्य येतं?"

"येत नाही," सोमयाजुलू म्हणाले. "पाठ होतं, इतकंच."

"एकदा ऐकून? चालीत?"

"मूलद्रव्यं नान्नांनी शिकवली होती मला," ते तक्त्याकडे बघत म्हणाले. "कंद छंदाच्या पद्यात. सगळी. अजून वर्गात पोरं अणुभार विचारतात तेव्हा मी मनात आधी चाल म्हणतो. आता हे कॉलेजभर सांगत फिरू नकोस."

कामेश्वरीचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले, आणि लगेच तिच्यातली मास्तरीण जागी झाली.

"पण ओळ चुकली," ती म्हणाली.

"काय?"

"नान्ना मघाशी 'मॉलिब्डेनम्मु' म्हणाले होते. तू 'मॉलिब्डेनम' सांगितलंस. 'मु' खाल्लास. मात्रा कमी पडतात. धारणा मोडली."

"मूलद्रव्याला 'मु' नसतो," सोमयाजुलू ताठ उभे राहिले. "तक्त्यात बघ. मी सांगितलं तेच शास्त्रशुद्ध आहे. ओळ बरोबर आहे आणि नान्ना जिंकले."

"कंद पद्यात शास्त्र मात्रांचं चालतं, तक्त्याचं नाही. ओळ चूक आहे. नान्ना हरले."

"जिंकले. हिमबिंदू इतिहास घेणार."

"मुळीच नाही. माझ्यादेखत मात्रा गिळली गेली. हिमबिंदू गणित घेणार."

"मी माझ्या पोरीला गणितात जाऊ देणार नाही!"

"मी माझ्या भाचीला इतिहासाला हात लावू देणार नाही!"

पेरिशास्त्री जागे झाले. "कोण जिंकलं?"

"दोघंही हरायला बघतायत," अप्पलराजू म्हणाले. "मला गणित जमत नाहीये."

हिमबिंदू दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. ताता विसरतात हे फक्त आपल्याला माहीत आहे, असं ती समजत होती. नान्नांना माहीत होतं. आईला माहीत होतं. अत्ताचा आवाज इतका चढला होता आणि ती तातांकडे बघायचं इतकं टाळत होती, की तिलाही माहीत असणार. पाच महिने चौघं जण एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत एकाच पंगतीत जेवत होते. हिमबिंदूला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्यातलं काय आधी बाहेर पडेल ते कळेना.

"एक राहिलंय," ताता टेबलावरून म्हणाले.

भांडण थांबलं.

"अप्रस्तुताचं उत्तर. या मुलीनं तीन प्रश्न विचारले. बेडकाला लक्षात राहतं का. बेडकाची पिल्लं शेपूट कुठे विसरतात. बेडकाचं डोकं आतून कसं चालतं हे कळलं, तर माणसाचं कळेल का." तिन्ही प्रश्न त्यांनी शब्दन्शब्द म्हटले. "धारणेत हे धरायचे नसतात. पण मी धरले, कारण आजच्या अवधानात एवढेच प्रस्तुत होते. बाकी आपण सगळे पंख्याखाली बसून गंमत करत होतो."

"नान्ना," सोमयाजुलू म्हणाले, "ती पोर काहीतरी आपलं..."

"मला मघाशी ओळ आठवली नाही, सोमू. भिंतीवर बघितलं, तिथंही नव्हती. ती कुठे जाते हे मला ठाऊक नाही. तुझ्या तक्त्याला ठाऊक नाही, कामेश्वरीच्या छंदःशास्त्राला ठाऊक नाही. हिला ते विचारायचंय. बेडकापासून सुरू करून विचारायचंय. करू दे."

कामेश्वरीनं तोंड उघडलं. तिच्या ओठावर 'झुरळ' हा शब्द आलेला हिमबिंदूला स्पष्ट दिसला. तो तिनं गिळला. "तेलुगू मात्र घ्यायची," ती म्हणाली. "संस्कृत नाही."

"मार्क जातील," सोमयाजुलू म्हणाले.

"जाऊ देत."

"जाऊ देत," ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले. "पण माझ्या कॉलेजात तो ग्रुपच नाही. आता मी तिला दुसऱ्याच्या दारात प्रवेश मागायला नेऊ?"

"न्या," सीतारत्नम म्हणाली. तिनं घंटा एकदा जोरात वाजवली. "आणि आता जेवायला चला."

वर्गातच बाकं जोडून पानं मांडली. पप्पूचं वरण, भात, आवकाया, वर गोडाला पूतरेकुलू. सोमयाजुलू आणि कामेश्वरी शेजारी बसले आणि 'मु'वरून पुन्हा जुंपली. पण आवाज खालचे होते, आणि नान्ना मधेच अत्ताच्या पानात तूप वाढत होते. तातांचा ताक-भात कालवून द्यायला हिमबिंदू त्यांच्या बाजूला बसली.

तातांनी दोन घास खाल्ले, आणि मायेनं तिच्याकडे वळून विचारलं, "अम्मलू, इंटरला कुठला ग्रुप घ्यायचं ठरलं मग?"

पंगतीतले सगळे हात थांबले. नान्नांनी मान खाली घातली. यावेळी कुणी विषय वळवला नाही, कुणी सुचवलं नाही.

"बेडकाचा, ताता," ती म्हणाली.

"अरे वा. कुणी ठरवलं?"

"तुम्ही."

"मी?" तातांनी क्षणभर विचार केला, आणि समाधानानं पुढचा घास उचलला. "मग विचार करूनच ठरवलं असणार."